बाळकृष्णरावांचं पान

माणसाची शेवटची इच्छा पुरी झाल्याशिवाय यमालासुद्धा त्याला पुढे नेता येत नाही, असं इंदुमतीबाई ठणकावून सांगत. त्यासाठी कावळा मात्र लागतो, आणि बरकतपुऱ्यात हल्ली तो मिळत नाही.

त्यामुळे बाळकृष्णरावांच्या वर्षश्राद्धाचं पान भरदुपारी गच्चीवर नुसतंच वाळत होतं. वरणभात, अळूची भाजी आणि त्यांच्या आवडीचा, मनुके दाबून घातलेला शिरा. आभाळ कोरं.

एवढ्यात जिन्यावरून एक करडा बोका आला. कुणाचा, ठाऊक नाही. पुढचे पाय जुळवून, पाठ ताठ ठेवून तो पानासमोर बसला. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केल्यासारखा. मग बाईंकडे बघून त्याने डावा डोळा किंचित मिटला. खोटा साक्षीदार दिसला की बाळकृष्णराव मिटायचे, अगदी तसाच.

बाईंच्या हातातली पळी पडली. "अगबाई! हे आले."

"काकू, हाकल त्याला!" नोकरीसाठी पुण्याहून आलेली पुतणी केतकी ओरडली. "मनुके मांजरांना विषारी असतात. द्राक्षंसुद्धा. किडनी जाते!"

"ह्यांना सगळं पचायचं."

"काकांना पचायचं गं! हे मांजर आहे."

बोक्याने नाक शिऱ्यापाशी नेलं आणि तिथेच थांबवलं. वारा नव्हता, तरी पानाची कड हलली. बाईंना पेच पडला. खाल्लं तर हे सुटणार, पण मुकं जनावर जिवाला मुकणार. नाही खाल्लं तर हे अडकले.

"घर विकणार नाही," त्या हात जोडून म्हणाल्या. बोका ढिम्म. "तुमच्या बहिणीशी बोलेन." ढिम्म. "बरं बाई, आधी मीच बोलेन!"

बोक्याने जीभ बाहेर काढली. ती शिऱ्याला लागणार, तोच बाईंनी पान खस्सकन ओढून घेतलं.

"नक्को," त्या म्हणाल्या. "एकदा गेलात तेवढं पुष्कळ झालं."

खालच्या रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्नही एकदम गप्प झाले. बोका उठला, दोघींच्या मधून जिना उतरला आणि बाळकृष्णरावांच्या खोलीच्या दिशेने वळला. दोघी मागोमाग धावल्या. खोलीला बाहेरून कुलूप होतं, वर्षभर होतं तसंच. बोका कुठेच नव्हता.

केतकीने बाईंचा दंड घट्ट धरला. आत पंखा घरघरत होता. आरामखुर्ची करकरली. कुणीतरी घसा खाकरला.

"इंदू," आतून आवाज आला, "तेवढा पंखा जरा कमी कर."