पहिला घोट देणाऱ्याचा

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. वयाने एकोणीस वर्षांचा आणि कामाने जेमतेम चार दिवसांचा.

नायजेरियातल्या खाडीकाठच्या ओपुतोरू गावात मी उभा आहे. माझ्या पायाशी दुसरी एक नळी जाते, तेलाची. तिला एका दिवसाचीही सुट्टी नसते. माझ्या टाकीसाठी बोअर मारायची मात्र राहूनच गेली; तिचे पैसे वाटेतच जिरले. तरी निवडणूक जवळ आली की स्थानिक कौन्सिलचे कोणीतरी नवे अध्यक्ष येतात. मला निळा रंग फासतात, शहरातून पडावाने, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीने, पाणी आणून टाकी भरतात, फीत कापतात. बायका डोक्यावर घागरी घेऊन नाचतात. पाहुण्यांना वाटते, काय हे स्वागत! खरे तर ती पाण्याची रांग असते. संध्याकाळी मी पुन्हा कोरडा. मला फार शरम वाटते.

पहिली घागर नेहमी तारीएरे आजीची. तिची नात एबी खाडीचे तेलकट पाणी पिऊन सारखी आजारी पडते. माझे घागरभर पाणी आजी तिच्यापुरते जपून वापरते.

चौथ्या वेळी अध्यक्षांच्या माणसांनी पडावाचाही खर्च खाल्ला. पंप लावून खाडीचेच पाणी टाकीत चढवले. चावी फिरली आणि माझ्या तोंडातून तेलाचा वास आला. नाच थांबला. आजीने घागर खाली ठेवली, पेला भरला आणि अध्यक्षांपुढे धरला. पाजणाऱ्याने आधी स्वतः प्यायचे, ही इथली रीत. त्यात विष नाही, याची ती ग्वाही.

"घे, लेका. देणारा तू, पहिला घोट तुझा."

"आई, आज माझा उपास आहे."

"अन् बोटीतून बाटली तोंडाला लावून उतरलास, तो कसला रे उपास?"

बायका खो खो हसल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि बोट गाठली.

मग कोणीच हसले नाही. आजी पेला धरून तशीच उभी होती.

"आजी, तहान लागलीय गं," एबी म्हणाली.

आजीने ते पाणी नेसत्या कापडाच्या टोकाने गाळले. आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग नातीला दिला.

मित्रांनो, मी थकलो आहे. मला पुन्हा रंग देऊ नका, खाली बोअर मारा. आणि पुढचा कोणी फीत कापायला आला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या हाती पेला द्या.