एलवुडच्या लग्नाचा दाखला

थांबा, मला आधी बोलू द्या. आज आर्काइव्हमध्ये मी आणि लेटिशिया, आमची साहेबीण, अ‍ॅडा प्युसीच्या कागदांच्या पेट्या लावत होतो. पत्रं, डायऱ्या, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, नेहमीचंच. अ‍ॅडा गेल्या हिवाळ्यात गेली, तिच्या नवऱ्याने, एलवुडने, सगळं कॉलेजला दिलं. लग्नाचा दाखलासुद्धा. फक्त त्याची चौकट काढू देईना. लाकडाने कागद पिवळा पडतो, हे सांगून लेटिशिया दमली. तो म्हणे, अक्रोडाचं लाकूड आहे, मी स्वतः केलीय, हात लावायचा नाही.

तर आज हा एलवुड, वय शहाऐंशी, तरातरा आत आला आणि मागून काठी टेकत त्याचा थोरला भाऊ नॉरिस. बासष्ट वर्षं अबोला, आणि आता दोघं एकाच वृद्धाश्रमात! भांडण कशावरून, तर हे दोघं आपल्यासारखे क्वेकर आणि अ‍ॅडा मेथडिस्ट, चर्चमध्ये गाणाऱ्या पंथातली. नॉरिस तेव्हा म्हणाला होता, आपण मीटिंगमध्ये, प्रार्थनेलाही, तोंड मिटून बसणारी माणसं, ही गाणारी कशाला आणतोस, मी लग्नाला येणार नाही. आता मात्र तो म्हणतो, आलो होतो. उशिरा आलो, मागच्या बाकावर बसलो, सही केली नि निघालो.

शपथ घे म्हणावं, तर आपण क्वेकर शपथ घेत नाही. पण लग्नाला आलेला प्रत्येक जण दाखल्यावर सही करतोच, तान्ह्या बाळाचाही हात धरून गिरवतात. सही नाही म्हणजे माणूस आलाच नाही. एलवुडला तेवढंच दाखवायचं होतं.

त्याने एकेका नावावर बोट फिरवलं. नॉरिस कुठेच नाही.

"मी केली होती रे," नॉरिस म्हणाला, आणि चष्मा पुसत राहिला. मला इतकं वाईट वाटलं.

तेवढ्यात मला दिसलं, खालच्या कडेला लाकडाच्या वर काळी टोकं डोकावत होती, अक्षरांची डोकी असावीत तशी. मी हळूच विचारलं, एलवुड, कागद खाली दुमडलाय का?

तो खुर्चीवर बसला. मग लेटिशिया बसली, नॉरिस बसला, सगळे गप्प, अगदी मीटिंगसारखं. मला शिंक येत होती, मी नाक धरून बसले. आत नाव निघालं नाही तर भाऊ खोटा ठरणार, आणि निघालं तर बासष्ट वर्षं फुकट गेली. एलवुडला या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त होती, चेहऱ्यावर दिसत होतं.

"लाकूड कमी पडलं होतं," तो शेवटी म्हणाला. "बोटभर दुमडला. खाली पोरांच्या रेघोट्याच असतील म्हटलं. हा आला नाही म्हणून रागात होतो, नीट बघितलं नाही." मग म्हणाला, "उघड, लेटिशिया."

तिने खिळे काढले, घडी उलगडली. दोन पोरांच्या रेघोट्या, आणि त्यांच्याखाली, नॉरिस प्युसी.

एलवुडने त्या नावावर बोट ठेवलं. "पोरांच्यात का केलीस?"

"मोठ्यांनी जागा ठेवली नव्हती. आणि तू सुतारकाम कधी शिकलास?"

एलवुड इतका हसला की त्याचे डोळे गळायला लागले. "जेवायला का थांबला नाहीस?"

"तू कुठे थांब म्हणालास?"

"आता म्हणतो."

आणि दोघं आमच्या मेसमध्ये गेले. मी मागोमाग गेले, राहवेना. एलवुड सांगत होता, हे घेवड्याचं सूप अगदी टाकाऊ आहे, आणि नॉरिस दुसरा बाऊल मागत होता.