दहा मिनिटांचा चहा

बाप रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या दुकानात शिरेपर्यंत ती थांबली. मग गाडीत बसली, गाणं लावलं आणि सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं छोटं गोल बटण दोन खुणा मागे फिरवलं. ट्वीटरची, बारीक आवाजाच्या त्या इवल्या स्पीकरांची, धार जरा बोथट झाली. झांज अजून टोचत होती, पण निदान डोळे मिटावे लागत नव्हते.

गाड्यांत स्पीकर बसवून देणाऱ्या बाबांचा कान म्हणजे सोनाराचा काटा, असं गिऱ्हाइकं म्हणत. गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला की गाडी झाली, हा त्यांचा हिशेब. गेल्या वर्षी लागोपाठ दोन गाड्या परत आल्या. ‘आवाज कानात सुईसारखा घुसतो,’ एवढीच तक्रार. बाबांना बारीक आवाज कमी ऐकू येतोय, म्हणून ते तो वाढवत नेतायत, हे तिला त्याच दिवशी कळलं. सांगायला मात्र जीभ रेटली नाही. तेव्हापासून काम संपलं की ते हात पुसत, “दहा मिनिटांत चहा घेऊन येतो,” म्हणत आणि ती त्या दहा मिनिटांत बटण मागे घेई.

गाडीची मालकीण रस्ता ओलांडून आली. ड्रायव्हिंग शिकवणारी बाई, आवाज मुळातच चढा.

“झाली का गं?”

“पाच मिनिटं, मावशी.”

“तुझे बाबा बसलेत समोर. चहा घ्या म्हटलं तर म्हणे, सोडून वर्ष झालं. मग इथं करताय काय? तर म्हणे, घड्याळ बघतोय.” बाई हसली. “यांच्यापेक्षा माझ्याकडे शिकायला येणारे बरे म्हणायचे.”

मुलीचा हात बटणावरच राहिला.

बाबा बरोबर दहा मिनिटांनी आले. खिडकीशी वाकले.

“झालं?”

“झालं.”

“दोन खुणा?”

ती मांडीवरचं फडकं घडी करत राहिली.

“या गाडीला दोन पुरणार नाहीत,” ते म्हणाले. “ट्वीटर काचेला खेटून आहेत. आवाज काचेवर आपटून सरळ कानात येतो. अजून एक मागे घे.”

तिने घेतली. झांज मागे सरकली. दोन ओळींच्या मधे गाणाऱ्या बाईने श्वास घेतला.

“श्वास आला?”

“आला, बाबा.”

“मग दे गाडी.”

मालकीण गाडी घेऊन गेली. पुढची गाडी आत आली. बाबा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दाराच्या मुठीवर हात ठेवला. क्षणभर तसेच उभे राहिले. मग गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

“बस,” ते म्हणाले. “लाव गाणं. आणि काय ऐकू येतंय ते सांगत जा.”