मामींनी धुतलेला सूट

मित्रांनो, मी कारखान्यात अंग झाकायला घालतात तसला एक जुना पांढरा सूट आहे. खरे तर जुना होणे माझ्या नशिबातच नव्हते. एकदा अंगात घालायचे, काम संपले की फेकून द्यायचे, एवढेच माझे आयुष्य. पण माणसांनी मला म्हातारे केले, त्याचाच मला राग आहे.

माझा जन्म मागावर झाला नाही. प्लास्टिक वितळवून त्याचे केसासारखे तंतू काढले, ते एकमेकांवर दाबले आणि वर पातळ पापुद्रा चिकटवला. माझी सगळी अब्रू त्या पापुद्र्यात. तो धड आहे तोवरच ॲसिडचा शिंतोडा बाहेर थांबतो.

मी मामांच्या वाट्याला आलो. ॲसिडच्या टाक्या धुणाऱ्या या माणसाला सगळा कारखाना मामा म्हणे. पहिल्या दिवशी मी चोख काम केले. संध्याकाळी मामा मला टाकून द्यायला निघाले, तर मुकादम आडवा आला.

"मामा, फाटलाय का कुठे?"

"नाही. पण एकदाच वापरायचा म्हणतात ना हा?"

"म्हणणाऱ्यांचं काय जातंय? घरी न्या, धुऊन आणा."

माझ्या गळ्याशी चिठ्ठी आहे. तिच्यावर पाण्याची बादली काढून फुली मारली आहे, म्हणजे धुऊ नका. मुकादमाला ती दिसत होती. पण झोपेचे सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

मामींनी मला गरम पाण्यात भिजवले, ब्रशने खसाखसा घासले. "यांच्या अंगाला लागतो, स्वच्छ हवा," असे शेजारणीला सांगत सावलीत वाळवले. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता, आणि त्याच हाताखाली माझा पापुद्रा सुटत गेला.

तिसऱ्या धुण्यानंतर टाकीतले ॲसिड उडाले. मी नुसती चाळणी उरलो होतो. मामांची मांडी भाजली. मुकादम म्हणाला, "सूट होता ना अंगात? मग?" म्हणजे खापर माझ्यावर. दवाखान्यात मामी एकच घोकत होत्या, "मीच घासला हो. मीच." आणि स्टोअरमध्ये नव्या सुटांची खोकी कुलपात बंद होती.

मामी, चूक तुमची नाही. हे त्यांना सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

ॲसिड जिथून आत गेले तिथे चिकटपट्टी लावून मुकादमाने मला पुन्हा खुंटीवर टांगले आहे. उद्या मला घालून दुसरा कोणी टाकीत उतरेल. मित्रांनो, वस्तू जपायला तुम्हाला शिकवतात, ते बरोबरच आहे. पण मला जपू नका. तुमच्या घरातले कोणी अशा कामावर जात असेल, तर त्यांना सांगा, काम झाले की कात्री घ्या आणि मला उभा चिरा.