नणंदेचं गाव

खार्तूममधून पळून या शहरात आलो, तर महिन्याभरात इथेही गोळीबार ऐकू यायला लागला. माझा नवरा बाबिकिर रोज नवं गाव सुचवायचा. शेवटी मीच वैतागले.

"अहो, पुरे! तुमच्या बहिणीच्या गावी जाऊ. त्या गावाला कुत्रंसुद्धा विचारत नाही!"

फोन बंदच होते, म्हणून न कळवताच निघालो. गाद्या बांधल्या, दाराला कुलूप लावलं. तेवढ्यात समोर गाढवगाडी थांबली. तिच्यात नणंद इहसान, धुळीने माखलेली.

"वहिनी, आमचं गाव गेलं गं. म्हटलं, तुमच्याकडे तरी शांत असेल."

ती आमच्या बांधलेल्या गाद्यांकडे बघत राहिली. मी कुलूप उघडलं. नदीपलीकडे गोळ्या कडाडल्या.

"कुणाचं तरी लग्न असेल," मी म्हटलं.