टॉवरवाले दर्यानाईक

कराव्यातून द्रोणागिरीकडं निघालं की वाटेतल्या फलकांवर एकच आडनाव दिसतं, दर्यानाईक. टॉवर त्यांचे, गोदामं त्यांची. शेवंताबाईचंही आडनाव तेच. पण तिच्या नवऱ्यानं, गोटीरामनं, जन्मभर मिठागरात मीठ ओढलं आणि तिथंच छातीत कळ येऊन गेला.

लेकीला, मनस्वीला, बघायला मोरा बंदराहून मुलाचे वडील भगवान आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, टॉवरवाले दर्यानाईक तुमचेच ना? शेवंताबाई म्हणाली, भाऊकीच आमची. खोटं नव्हतं, कैक पिढ्यांमागं चूल एक होती. लेकीचं जमत होतं, म्हणून पुढं ती गप्प राहिली. भगवानांनी मात्र मोऱ्याच्या धक्क्यावर सांगून टाकलं, लग्नाला टॉवरवाले शेठ येणार.

शेवंताबाईची झोप उडाली. शेठच्या ऑफिसात ती दिवसदिवस जाऊन बसली. घटकाभर तोंड दाखवून जा, एवढंच मागणं. आतून निरोप आला की हे आडनाव लावणारे पुष्कळ आहेत, कुणाकुणाकडं जाणार?

हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन मोऱ्याच्या बायका आल्या, बरोबर भगवान. मांडवात धवलारीण पुतळाबाई लग्नविधीची गाणी गायला बसली होती. आधी घरच्या पितरांना नावानं आवतन द्यायचं. ज्याचं नाव निघतं तोच मांडवात येतो, अशी गावाची समजूत.

"टॉवरवाल्या शेठच्या आज्याचं, चांगोशेठचं नाव पयलं घ्या," भगवान म्हणाले. "नातू गाडीतून येईल तवा येईल, आजा तरी येलेवर येऊ दे."

बायका हसल्या. पुतळाबाईनं शेवंताबाईकडं पाहिलं. "सांग बाय, कोनाला बोलवू?"

शेवंताबाईला कळत होतं, चांगोशेठ म्हटलं की लगीन पार पडलं. पण मग गोटीराम पोरीच्या हळदीला मांडवाबाहेरच उभा राहणार. पाटावर मनस्वी खाली मान घालून बसली होती.

"गोटीरामला बोलव," शेवंताबाई म्हणाली. "मिठागरावरच्या. टॉवरवाल्यांचं नि आमचं येनंजानं नाय, व्याही. तुमाला तवाच सांगायला पायजे होतं."

"आडनाव बगून आलतो आमी," एवढंच बोलून भगवानांनी आणलेल्या उष्ट्या हळदीची वाटी परत उचलली. शेवंताबाईनं दारात त्यांचे पाय धरले. ते पाय सोडवून निघाले, मागोमाग बायका.

आवतन एकदा सुरू झालं की मधे सोडत नाहीत. पुतळाबाई गात राहिली, गोटीराम, लेकीच्या हळदीला ये. मनस्वी पाटावरून उठली नाही.