शिगेवरची मूठ

मित्रांनो, मी एक जुने पितळी चिपटे आहे. धान्य मोजायचे लहानसे माप. अकोल्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. सुभद्राबाईंच्या पाठवणीच्या वेळी त्यांच्या आईने मला ज्वारीने भरून लेकीच्या ओटीत ठेवले आणि म्हटले, "माप कधी सपाट भरू नकोस. शीग असू दे." काठावर उभी राहणारी धान्याची रास म्हणजे शीग. अमरावतीला राजापेठेतल्या त्या घरात मी शिगेवाचून कधी भरले गेले नाही.

सुभद्राबाईंचे यजमान मोरोपंत देवळात पुराण सांगत. वाणी मधुर, देह मात्र विशाल. एके वर्षी त्यांना धाप लागू लागली, गुडघे सुजले, मांडी घालणे अशक्य झाले. वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका कन्येचे, कुंदाचे लग्न होते. कन्यादानाला पाटावर आपल्याऐवजी धाकट्या भावाला बसवावे लागणार, हे शल्य पंतांच्या मनात रुतले.

डॉक्टर शेषराव म्हणाले, "पंत, वजन उतरवा. दिवसाले एक चिपटं ज्वारी, तेवढ्याच्याच भाकरी. बाकी भाजी, ताक. तूप-गूळ बंद."

त्या दिवसापासून पंतांचे अन्न माझ्या स्वाधीन झाले. पहाटे सुभद्राबाई मला भरत आणि तेवढेच धान्य जात्यावर दळत. पंत उतरू लागले. चंद्रभान अडत्याच्या काट्यावर त्यांचे वजन होई. तो म्हणे, "महाराज, असेच उतरत राहिले तर कथा सांगाले तुमची सावलीच येईन."

संक्रांतीनंतर मात्र काटा जागचा हलेना.

"बाबा, देवळात शिरा तर नाही ना चालू?" कुंदा हसत म्हणाली.

पंत हसले नाहीत. त्यांनी पुढ्यातले ताट दूर सरकवले, आणि दुसऱ्या दिवशीही काही खाल्ले नाही. सायंकाळी पोथीवरच त्यांना भोवळ आली. डॉक्टर धावत आले.

"वहिनी, ज्वारी किती घेता?"

"तुम्ही सांगितली तेवढीच. एक चिपटं, शीग लावून."

डॉक्टरांनी मला हातात घेऊन फिरवले. "पंत आधी पाठीवर पोतं घेऊन चालत होते. ते अर्धं उतरलं. ते वाहाले जेवढी भाकर लागत होती, तेवढी आता काहून लागन? देह उतरला की मापही उतरवा लागते. पण थोडं थोडं. उपास करून पडाचं नाही."

"आधीच वाळलेत ते," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "आणि अपुरं माप आमच्या घरात भरत नाहीत."

रात्रभर त्यांनी काय विचार केला, मला ठाऊक नाही. पहाटे त्यांनी मला शिगेसह भरले, नमस्कार केला, आणि शिगेवरची एक मूठ उचलून अंगणात चिमण्यांपुढे टाकली. मग उरलेले दळायला घेतले.

ओसरीवरून पंत म्हणाले, "म्हणजे माझं तप आता चिमण्यांच्या पोटात जाऊन राहिलं."

"जाऊ द्या. पुण्य तुमचंच."

काटा पुन्हा हलला. पुढे तो थबकला, तेव्हा सुभद्राबाईंनी मूठ जराशी मोठी केली. पंतांना घाई होती. ते आणखी एक मूठ टाकायला सांगत. सुभद्राबाई ऐकत नसत.

वैशाखात मोरोपंत पाटावर मांडी घालून बसले. त्यांनी कुंदाच्या हातावर उदक सोडले. विधी संपला आणि ते कुणाचाही हात न धरता उठले. सारे वधूवरांकडे पाहत होते. सुभद्राबाई मात्र त्यांच्या गुडघ्यांकडे पाहत होत्या.

मग डॉक्टर म्हणाले, "आता बस. याहून उतरवू नका." तेव्हा ती मूठ हळूहळू माझ्यात परत आली. चिमण्यांना सुभद्राबाई कोठीतली वेगळी ज्वारी घालू लागल्या. पाखरांची सवय मोडणे त्यांना बरे वाटेना.

पुढे बाजारात किलोची मापे आली आणि मी फळीवर गेले. आता माझ्यात सुयांची पुडी असते. तरी दसऱ्याला सुभद्राबाई मला चिंचेने घासतात आणि ओसरीवर बसलेल्या पंतांकडे पाहत काठावरून बोट फिरवतात.

मित्रांनो, माप कितीही खरे असले तरी ज्याच्यासाठी भरायचे तो देह बदलत असतो. म्हणून आपल्या माणसाचे ताट वाढताना आधी त्याच्याकडे पाहा, आणि मगच मापात हात घाला.